चामखीळ, औषध आणि श्रेयाचा प्रश्न

चामखीळ हा त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचा विषाणूजन्य विकार आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. त्यांपैकी काही मोजके प्रकार हातापायांवर चामखीळ निर्माण करतात. १९०७ मध्ये इटलीतील जुझेप्पे च्युफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि त्वचेत टोचला. तरीही चामखीळ उगवली, तेव्हा हे काम जिवाणूहूनही सूक्ष्म अशा कशाचे तरी आहे हे ठरले. खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून विषाणू आत शिरतो आणि बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींत ठाण मांडतो. त्या पेशी वर सरकू लागल्या की त्याचीही वाढ होते, कातडीचा थर जाड होतो आणि खरखरीत उंचवटा दिसू लागतो. लागण आणि उंचवटा यांत काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत अंतर असू शकते. हा विषाणू रक्तात उतरत नाही आणि पेशी फोडून दाहही माजवत नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा उशिरा लागतो. तो एकदा लागला की मात्र बहुतेक चामखिळी व्रणही न ठेवता नाहीशा होतात.

चामखिळीचा उपचार तत्त्वचिंतनाचा विषय ठरतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे. मॅसिंग आणि एपस्टाइन यांनी संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या चामखिळी दोन वर्षे पाहिल्या आणि १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी त्या मुदतीत आपोआप गेल्या होत्या. नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांत पुढे झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्या मुलांची त्वचा वर्षभरात चामखिळींपासून मोकळी झाल्याचे आढळले. प्रौढांमध्ये हा काळ लांबतो, पण क्रम तोच राहतो. जो रोग बहुधा स्वतःहून जातो, त्यावर दिलेल्या औषधाला यशाचे श्रेय द्यायचे की नाही? द्यायचे तर कोणत्या कसोटीवर? आणि जो रोग जाणारच आहे, त्यावर औषध द्यावेच का?

हा प्रश्न भारतीय वैद्यकाने फार पूर्वी विचारला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय आणि पुनर्वसु आत्रेय यांचा वाद आहे. मैत्रेयाचे म्हणणे असे: उत्तम वैद्य, योग्य औषध, सेवा करणारी माणसे आणि पथ्य पाळणारा रोगी अशी सर्व सामग्री असूनही काही रोगी बरे होतात, काही मरतात. यांतले काहीच नसलेल्या रोग्यांपैकीही काही बरे होतात, काही मरतात. मग औषध देणे आणि न देणे यांत भेद काय उरला? आत्रेय हा आक्षेप टाळत नाहीत. जे रोग असाध्य आहेत त्यांत औषध हरले म्हणून साध्य रोगांतले त्याचे काम खोटे ठरत नाही, असे ते सांगतात. जे उपचारावाचून बरे होतात त्यांच्याविषयी ते म्हणतात की पडलेला माणूस स्वतः उठण्यास समर्थ असला, तरी कोणी हात दिला तर तो अधिक लवकर आणि कष्टावाचून उठतो.

या उत्तरात दोन कसोट्या आहेत: लवकर, आणि कष्टावाचून. आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगात उपचाराचे समर्थन या दोन आधारांवरच उभे राहू शकते. औषधाने रोग लवकर जात नसेल, किंवा जात असूनही रोगापेक्षा औषधाचाच त्रास जास्त होत असेल, तर मैत्रेयाचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. चामखिळीच्या प्रत्येक उपचाराला याच दोन कसोट्या लावणे न्याय्य आहे.

लवकर बरे वाटले ते औषधानेच, हे कसे ठरवावे याचे उत्तर न्यायशास्त्रात शोधता येते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात कारणाची व्याख्या कार्याच्या आधी नियमाने असणारे ते, अशी केली आहे. नैयायिकांनी तिला आणखी एक अट जोडली: ते अन्यथासिद्ध नसावे, म्हणजे त्याच्यावाचूनही कार्य सिद्ध होत असेल तर ते कारण नव्हे. त्यांचे आवडते उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे आहे. एखाद्या घटासाठी माती वाहून आणणारे गाढव त्या घटाच्या आधी तेथे होते हे खरे. पण मडके गाढवावाचूनही घडते, म्हणून गाढव मडक्याचे कारण नाही. चामखिळीवर लावलेल्या, बांधलेल्या, पोटात घेतलेल्या अनेक गोष्टी या गाढवाच्या जागी असतात. त्या चामखीळ जाण्याच्या आधी तेथे होत्या, एवढेच त्यांच्याविषयी निश्चितपणे सांगता येते. औषध आहे तेथे गुण आहे हा अन्वय, आणि औषध नाही तेथे गुण नाही हा व्यतिरेक. कारण ठरण्यासाठी दोन्ही लागतात, आणि अनुभवाच्या बहुतेक कथा पहिल्यावरच थांबतात.

ही चूक अडाण्यांचीच असते असे मानणे चुकीचे आहे. प्रायोगिक विज्ञानाच्या तत्त्वज्ञांत अग्रभागी असलेल्या फ्रान्सिस बेकन यांची हकीकत याची साक्ष देते. बेकन यांच्या बोटावर लहानपणापासून एक चामखीळ होती. सोळाएक वर्षांचे असताना ते पॅरिसमध्ये राहत होते. तेथे महिनाभरात त्यांच्या दोन्ही हातांवर शंभरएक चामखिळी उगवल्या. इंग्रज राजदूताच्या पत्नीने डुकराच्या चरबीचा सालीसकट तुकडा त्या सर्वांवर चोळला आणि तो खिडकीच्या खांबाला, दक्षिणेच्या उन्हात, खिळ्याने ठोकून ठेवला. पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या, बालपणापासूनची तीही गेली. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्वा सिल्वारम’ या ग्रंथात बेकन यांनी हे नोंदवले आहे. नव्या चामखिळी झटपट आल्या तशा झटपट गेल्या यात त्यांना नवल वाटले नाही. जुनी गेली याचे मात्र वाटत राहिले. म्हणजे आपोआप जाण्याची शक्यता त्यांना दिसत होती, पण जुन्या चामखिळीला ती लावायला मन तयार नव्हते. याच बेकन यांनी १६२० च्या ‘नोव्हम ऑर्गानम’मध्ये कारण शोधण्यासाठी उपस्थितीची, अनुपस्थितीची आणि कमीअधिक प्रमाणाची अशा तीन सारण्या मांडण्यास सांगितले. स्वतःच्या हातांविषयी त्यांच्याजवळ पहिलीच सारणी होती. चरबी न चोळलेले, तसेच शंभर चामखिळींचे हात शेजारी ठेवून पाहण्याची सोय कोणाही एका रोग्याला नसते.

ती सोय नियंत्रित चाचणी करून देते. रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली जाते. एका गटाला औषध मिळते, दुसऱ्याला औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य मिळते किंवा नुसती वाट पाहायला सांगितले जाते. नैयायिकांनी सांगितलेला व्यतिरेक येथे माणसांच्या गटाच्या रूपाने प्रत्यक्ष उभा राहतो. चामखिळीवरील औषधांचे आजचे मूल्यमापन अशा चाचण्यांवर आधारलेले आहे, आणि त्यातून दिसणारे चित्र नम्र करणारे आहे.

पहिले औषध सॅलिसिलिक ॲसिड. पंधरा ते चाळीस टक्के तीव्रतेत, अनेकदा लॅक्टिक ॲसिडसोबत, ते द्रवरूपात किंवा पट्टीतून लावतात. हे औषध विषाणूला मारत नाही. जाड झालेली मृत कातडी ते थराथराने सोलते, आणि त्यातून होणारी सौम्य चुरचुर प्रतिकारयंत्रणेला जागे करत असावी असे मानले जाते. चामखीळ पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, खरवडून, आजूबाजूची निरोगी त्वचा वाचवून रोज औषध लावायचे आणि हे सुमारे बारा आठवडे नेटाने चालू ठेवायचे, अशी त्याची रीत आहे. अनेक चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्यात निष्क्रिय द्रव्याहून ते निश्चितपणे सरस ठरले, पण फरक माफक होता. ते स्वस्त आहे, घरी लावता येते आणि त्याचा त्रास थोडा असतो, म्हणून आत्रेयांच्या दुसऱ्या कसोटीवर ते चांगले उतरते.

दुसरा उपचार गोठवण्याचा. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन चामखिळीवर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने फवारतात किंवा टेकवतात. पेशी गोठून फुटतात, फोड येतो, कातडी गळते. सावळ्या त्वचेवर त्या जागी पांढुरका किंवा काळपट डाग राहू शकतो, त्यामुळे भारतीय रोग्याला हे आधी सांगणे आवश्यक आहे. नेदरलँड्समधील २०१० च्या चाचणीत तेरा आठवड्यांनंतर सामान्य चामखिळी बऱ्या होण्याचे प्रमाण गोठवलेल्या गटात ४९ टक्के, सॅलिसिलिक ॲसिडच्या गटात १५ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्या गटात ८ टक्के होते. तळपायाच्या चामखिळींत मात्र हेच आकडे ३०, ३३ आणि २३ टक्के होते, म्हणजे फरक धरण्याजोगा उरला नाही. ब्रिटनमधील २०११ च्या चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर गोठवणे आणि ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, सुमारे १४ टक्के रोगी बरे झालेले होते. हातावर गोठवण्याने वेळ वाचतो. तळपायावर ते वेदना देते आणि वेळही वाचवत नाही. उपचाराचा निर्णय रोगाच्या नावावर न सोडता जागा पाहून घ्यावा लागतो, हा यातला धडा आहे.

चाचणी किती निर्दय असू शकते याचे उदाहरण चिकटपट्टीने दिले. २००२ मध्ये अमेरिकेतील एका लहान चाचणीत चामखिळीवर जाड चिकटपट्टी लावलेल्या गटात ८५ टक्के, तर गोठवलेल्या गटात ६० टक्के रोगी बरे झाले, आणि हा उपाय जगभर पसरला. पुढे २००६ मध्ये शाळकरी मुलांवर आणि २००७ मध्ये प्रौढांवर निष्क्रिय पट्टीशी तुलना झाली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. होमिओपॅथीचीही अशीच परीक्षा झाली आहे. महाराष्ट्रात चामखीळ म्हटले की थुजाचे नाव हमखास निघते. कॅनडातील क्वेबेकमध्ये १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर थुजासह तीन होमिओपॅथिक औषधे दिली गेली. अठरा आठवड्यांनी औषधाच्या गटात २० टक्के आणि निष्क्रिय गोळ्यांच्या गटात सुमारे २४ टक्के रोगी बरे झाले. थुजा घेऊन चामखीळ गेलेला माणूस खोटे बोलत नाही. ती गेली हे खरेच आहे. ती थुजाने गेली, एवढेच सिद्ध झालेले नाही.

हट्टी चामखिळींसाठी त्वचारोगतज्ज्ञ आणखी उपाय वापरतात. फाइव्ह-फ्लुओरोयुरासिल आणि ब्लिओमायसिन पेशींची वाढ रोखतात. ब्लिओमायसिन थेट चामखिळीत टोचतात आणि ते बरेच दुखते. कँथरिडिन हे विशिष्ट भुंग्यांपासून मिळणारे द्रव्य फोड आणते. इमिक्विमॉड मलम स्वतः विषाणूवर काही करत नाही. ते त्वचेतील प्रतिकारपेशींना इशारा देते. विजेने जाळणे, लेझर, खरवडून काढणे यांनी उंचवटा त्याच बैठकीत जातो, पण व्रण राहू शकतो आणि शेजारच्या त्वचेत दडलेल्या विषाणूमुळे चामखीळ पुन्हा उगवू शकते. सुश्रुतसंहितेतही चर्मकील शस्त्राने काढून उरलेला भाग क्षाराने किंवा अग्नीने जाळण्याचा विधी सांगितला आहे. साधने बदलली, तरी निःशेष काढण्याची धडपड तीच आहे.

या यादीत एक उणीव सहज लक्षात येते. चामखिळीच्या विषाणूला नेमके मारणारे औषध यांत एकही नाही. सगळे उपाय एक तर विषाणूने व्यापलेली कातडी नष्ट करतात किंवा शरीराला त्याची जाणीव करून देतात. दुसऱ्या मार्गाचे सर्वांत बोलके रूप म्हणजे प्रतिकारशक्तीचे उपचार. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा कँडिडा या बुरशीचे प्रतिजन एकाच चामखिळीत टोचतात. भारतात कुष्ठरोगासाठी विकसित झालेली मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू लसही अशी वापरली गेली आहे. अनेक रोग्यांत टोचलेली चामखीळ जातेच, शिवाय जिला सुई लागलीही नाही अशी दूरची चामखीळही जाते. म्हणजे औषधाने फक्त बोट दाखवले, रोग शरीरानेच घालवला. आत्रेयांनी सांगितलेला हात देणारा माणूस येथे पेशींच्या पातळीवर भेटतो. उठण्याची शक्ती पडलेल्याची स्वतःची असते. वैद्याला श्रेय मिळते ते वेळेवर आणि हळुवारपणे हात देण्याचे.

मनाचाही असाच हात लागू शकतो का, हा पुढचा प्रश्न आहे. झुरिक येथील त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लोख यांनी १९२७ मध्ये सूचनेने चामखीळ बरी करण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. रोग्याचे डोळे बांधून, घरघर आवाज करणारे यंत्र चालू करून, चामखिळीवर निरुपद्रवी रंग लावून ती मेली असे ते सांगत. निम्म्याहून अधिक रोगी बरे झाल्याचे त्यांनी नोंदवले. तुलनेचा गट त्यात नव्हता, म्हणून बेकन यांच्या चरबीइतकेच त्याचेही वजन. पुढे कॅनडात निकोलस स्पॅनोस यांनी तुलनेचे गट घेऊन प्रयोग केले. १९९० च्या त्यांच्या अहवालात संमोहनातून सूचना दिलेल्या गटातील चामखिळी उपचार न घेतलेल्या गटाहून अधिक प्रमाणात गेल्या. निष्क्रिय औषध किंवा सॅलिसिलिक ॲसिड घेतलेल्यांत तसा फरक दिसला नाही. हे प्रयोग लहान होते, त्यांवर उपचारपद्धती उभारता येत नाही. पण मन आणि प्रतिकारशक्ती यांच्यातली वाट बंद आहे असे म्हणण्याचेही धाडस त्यांच्यामुळे होत नाही.

येथून श्रद्धेच्या प्रांतात पाऊल पडते. चरकाने उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, होम, उपवास, प्रायश्चित्त, तीर्थगमन इत्यादींचा दैवव्यपाश्रय, आहार-औषधांच्या विचारपूर्वक योजनेचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरण्याचा सत्त्वावजय. तिन्ही शेजारी ठेवले आहेत, पण एकात एक मिसळलेले नाहीत. युक्तीला तर चरकाने ज्ञानाच्या साधनांतही स्थान दिले आहे. तमिळनाडूतील वैथीश्वरन कोइल या वैद्यनाथाच्या क्षेत्री मीठ-मिरी वाहण्याची प्रथा आहे, आणि त्वचाविकारांसाठी देवाला मीठ वाहण्याचे नवस इतरत्रही बोलले जातात. मिठासारखी चामखीळ विरघळून जावी, ही त्यामागची भावना.

अशा नवसाकडे दोन रीतींनी पाहता येते. तो कृतज्ञतेचा आणि शरणागतीचा विधी असेल तर कोणतीही चाचणी त्याला स्पर्श करत नाही. बरे झाल्यावर देवाचे आभार मानणारा माणूस कार्यकारणाचा दावा करतोच असे नाही. पण मीठ वाहिले म्हणून चामखीळ गेली, असे म्हटले की तो दावा औषधाच्या रांगेत येऊन उभा राहतो, आणि मग औषधाची कसोटी त्यालाही लागते. ही कसोटी लावणे धर्मविरोधी नाही. नवसाने संतती होते या समजुतीला तुकारामांनी अभंगातून, मग पती कशाला करावा लागतो, असा रोखठोक प्रश्न विचारला आहे; तो प्रश्न मूलतः व्यतिरेकाचाच आहे, आणि तो भक्तीच्या आतून आलेला आहे. देवाला रोगनिवारणाचे यंत्र करणे ही भक्तीची उंची नव्हे. उलट, चाचणीत उतरलेल्या औषधाने बरे झालेल्या माणसाची कृतज्ञता खोटी ठरत नाही, कारण बरे होण्याची शक्ती शेवटी त्याला मिळालेल्या देहातच होती.

वैद्याच्या नीतीचा प्रश्न याहून कडक आहे. रोग आपोआप जाणारा आहे हे ठाऊक असताना ते लपवून खात्रीचा इलाज म्हणून औषध विकणे, हे दुसऱ्याच्या श्रेयावर डल्ला मारणे आहे. निष्क्रिय औषध फसवून देणेही समर्थनीय नाही, मग त्याने गुण का येईना. आजचा गुण उद्याच्या विश्वासाच्या मोलाने विकत घेतलेला असतो. रोग्याला खरी स्थिती सांगून, वाट पाहणे हाही एक पर्याय आहे हे स्पष्ट करून, मग निवड त्याच्यावर सोपवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. लहान मुलांबाबत हे विशेष लागू आहे. मुलाच्या तळपायाची न दुखणारी चामखीळ पालकांच्या अस्वस्थतेपोटी वारंवार गोठवली, तर कष्ट मुलाला होतात आणि समाधान दुसऱ्याला मिळते. चामखिळीमुळे चालताना दुखत असेल, हात पुढे करायला लाज वाटत असेल किंवा ती पसरत असेल, तर उपचार मागणे पूर्णपणे रास्त आहे. लाज हाही कष्टच आहे.

वाट पाहण्यालाही मर्यादा आहेत. चेहऱ्यावरच्या आणि जननेंद्रियांवरच्या चामखिळींवर घरगुती औषध लावू नये. जननेंद्रियांवरच्या चामखिळींचे विषाणूप्रकार आणि तपासण्या वेगळ्या असतात. मधुमेहींनी पायावर आम्ल लावू नये, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांत चामखीळ आपोआप जाईल हा भरवसा धरता येत नाही. गरोदरपणात पोडोफायलिन आणि फाइव्ह-फ्लुओरोयुरासिल वर्ज्य आहेत. रक्त येणारा, झपाट्याने वाढणारा, रंग बदलणारा किंवा उतारवयात नव्याने आलेला उंचवटा चामखीळच आहे असे गृहीत धरू नये. पायाची भोवरी आणि चामखीळ यांतही गफलत होते. वरचा थर खरवडल्यावर काळे ठिपके दिसले तर ती बहुधा चामखीळ असते. रुईचा चीक, चुना, बिब्बा यांनी त्वचा भाजते. बिब्बा उतला तर चामखिळीपेक्षा मोठी जखम पदरी पडते, आणि चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका पोहोचतो. आत्रेयांच्या दोन्ही कसोट्यांवर हे उपाय नापास होतात.

मैत्रेयाचा आक्षेप चामखिळीपुरता अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करणे हेच त्याचे योग्य उत्तर आहे. बहुतेक चामखिळी औषधावाचून जातात. ज्या लवकर जाव्यात असे वाटते, त्यांच्यासाठी हातावर सॅलिसिलिक ॲसिड किंवा गोठवणे, तळपायावर धीराने लावलेले सॅलिसिलिक ॲसिड आणि हट्टी चामखिळींसाठी तज्ज्ञाच्या हातचे प्रतिकारशक्तीचे उपचार, एवढी आजची विवेकी वाट आहे. कोणताही उपाय सुचवणाऱ्याला रोग्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: हे केले नाही तर काय होईल? ज्याच्याजवळ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे, त्याच्याच हाती आपली त्वचा सोपवावी.